किल्ल्याशेजारची शांत बाग: फँटसी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी इतरांच्या फँटसी कथांचे मसुदे वाचतोय. ड्रॅगन, शापित तलवारी, गादीवरून भावाभावांची भांडणं यांबद्दल मला कुणी फारसं विचारत नाही. ते सगळ्यांना आपसूक जमतं. गाडी अडते ती बागेपाशी. राजकन्या रुसून बागेत जाते, दोन हेर बागेत भेटतात, म्हातारा जादूगार बागेतल्या बाकावर ऊन खात बसतो. आणि ती बाग मात्र वाचणाऱ्याला रंगवलेल्या पडद्यासारखी सपाट वाटते. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

किल्ल्याच्या तटाला लागून बाग असू शकते का?

वापरातल्या, लढत्या किल्ल्याला लागून? बहुतेक वेळा नाही. सपाटीवरच्या किल्ल्याभोवतीची जमीन मुद्दाम उघडी बोडकी ठेवत. झाड म्हणजे शत्रूला आडोसा, झाड म्हणजे शिडीला लाकूड. तटावरच्या जंग्यांमधून बंदूक रोखणाऱ्याला समोर ससा पळाला तरी दिसला पाहिजे. व्हिएन्नाच्या तटाबाहेर असा काहीशे मीटर रुंदीचा मोकळा पट्टा होता आणि त्यात घर बांधायला बंदी होती.

तुमच्या कथेत शत्रू सीमेवर येऊन ठेपलाय आणि तटाला टेकून गुलाबाचे वेल चढलेत, असं असेल तर तुमचा किल्लेदार एक तर मूर्ख आहे किंवा फितूर. फितूर असेल तर मात्र मजा आहे. ते वेल तसेच ठेवा.

मग आमच्या बागेला जागा कशी मिळणार?

कुणाला तरी भीती वाटायची थांबली पाहिजे. किल्ल्याशेजारी बाग दिसली की समजायचं, इथे काहीतरी संपलंय: युद्ध, घराणं, किंवा त्या तटाचा उपयोग. तुमच्या जगात नेमकं काय संपलं ते ठरवा, बागेचा अर्धा नकाशा तिथेच तयार होतो.

व्हिएन्नाचंच बघा. 1809 मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं राजवाड्याजवळचा बुरूज सुरुंगानं उडवला. ऑस्ट्रियाच्या सम्राटानं तो पुन्हा बांधला नाही. त्या जागेवर बाग केली आणि 1823 मध्ये ती लोकांना खुली झाली. नावच ‘फोल्क्सगार्टन’, म्हणजे लोकांची बाग. शत्रूनं पाडलेल्या बुरुजावर आज गुलाबाचे ताटवे आहेत. पोलंडमधल्या क्राकूव शहराचा जुना तट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बराचसा पाडला, आणि त्या रेषेवर शहराला वळसा घालणारी सुमारे 4 किलोमीटरची बाग लावली. नकाशात ती हिरव्या कंकणासारखी दिसते. तट गेला, पण त्याचा आकार झाडांनी धरून ठेवला. फँटसी शहराच्या नकाशासाठी ही युक्ती खुशाल उचला.

आमचा किल्ला सह्याद्रीसारखा डोंगरी आहे. तिथेही हाच नियम?

नाही, तिथे बरोबर उलटं. डोंगरी किल्ल्याचं रक्षण कडा करतो, आणि कड्याखालची झाडी शत्रूच्या वाटा अडवते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, गडाभोवतीची झाडी जपावी, वाढवावी, त्यातली काठीही तोडू देऊ नये अशी ताकीद आहे. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ लावावेत, फुलझाडंही लावावीत, असंही त्यात सांगितलंय. कारण मात्र सौंदर्याचं नाही. प्रसंग पडला तर ती झाडं लाकडाच्या कामी यावीत, हा हिशेब आहे. त्याच पानात राजकारण, त्याच पानात फुलझाडं! आपल्याकडच्या फँटसी लेखकांनी युरोपी किल्ल्यांची वर्णनं पाठ करण्याआधी हे एकदा वाचावं, असं मला फार वाटतं.

‘सार्वजनिक’ बाग म्हणजे नेमकं काय? राजा लोकांना आत का येऊ देईल?

उदार मनाचा राजा एका सकाळी उठून फाटक उघडतो, हे सगळ्यात पुळचट कारण. खऱ्या बागांची फाटकं बहुतेक वेळा मालक दुबळा झाल्यावर, निघून गेल्यावर, किंवा खर्च झेपेनासा झाल्यावर उघडली.

जपानमधल्या कानाझावाच्या किल्ल्यासमोरची केन्रोकुएन बाग माएदा घराण्याच्या सरदारांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवली. 1871 मध्ये जपाननं सरदारांच्या जहागिरी मोडीत काढल्या आणि 1874 मध्ये बाग सगळ्यांसाठी उघडली. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या किल्ल्याखालच्या प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्सचा पश्चिम भाग आधी समोरच्या धनिक घरमालकांच्या ताब्यात होता. 1876 मध्ये तो शहराकडे आला आणि कुणालाही आत जाता येऊ लागलं.

म्हणून कथेत कुठेतरी एखादी जुनी किल्ली ठेवा. एखाद्या आजीकडे अजून ती असेल. फाटक आता सताड उघडं असतं, तरी ती रोज किल्ली कमरेला लावूनच फिरायला येते.

खंदक ठेवू का? पाण्यात कमळं दाखवायची आहेत.

ठेवा, पण आधी वास घ्या. किल्ल्यातल्या संडासांचं तोंड अनेकदा थेट खंदकातच उघडायचं. एडिंबराच्या किल्ल्याखाली जिथे आज हिरवळ आहे, तिथे नॉर लॉक नावाचं तळं होतं. वरच्या दाट वस्तीची सगळी घाण त्यात उतरायची. 1759 पासून ते टप्प्याटप्प्यानं उपसून काढलं, तेव्हा कुठे पुढे बाग झाली. लंडनच्या ‘टॉवर’ या जुन्या किल्ल्याचा खंदकही इतका नासला की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो कोरडा करावा लागला.

त्या कोरड्या खंदकाचं पुढचं आयुष्य तर कुठल्याही फँटसीला लाजवेल असं आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे भाजीपाला लावला होता. 2014 मध्ये चिनीमातीची 8,88,246 लाल पॉपीची फुलं त्यात रोवली, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं लढताना गेलेल्या प्रत्येक सैनिकामागे एक. आणि 2022 मध्ये 2 कोटींहून जास्त बिया पेरून तो खंदक रानफुलांनी भरून टाकला. एकाच खड्ड्यात घाण, भाजी, शोक आणि फुलं.

कमळं हवीतच, तर त्यांना गाळही हवा. स्वच्छ निळ्या पाण्यात कमळ दाखवलंत तर गावाकडचा वाचक हसेल.

बागेला पाणी कुठून येतं? हे सांगायलाच हवं का?

पानभर सांगू नका. पण तुम्हाला स्वतःला माहीत हवं. किल्ला उंचावर, नदी खाली. मग बागेतला पाट वाहतो कसा?

शहाण्या लोकांनी हे गणित कसं सोडवलं त्याची उदाहरणं घराजवळच आहेत. पुण्यात शनिवारवाड्याला आणि गावातल्या हौदांना पाणी यायचं ते कात्रजच्या तळ्यातून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते तळं बांधून भुयारी नळ गावापर्यंत आणला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा मोकळी होते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. कुठेही पंप नाही, फक्त उतार. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचं. औरंगाबादेत मलिक अंबरनं खापरी नळांतून पाणी खेळवलं, आणि त्याच तंत्रावर पुढे पाणचक्की फिरली. कानाझावात 1632 मध्ये सुमारे 11 किलोमीटरवरून कालवा आणला. तिथल्या बागेतलं जुनं कारंजं आजही वरच्या तळ्याच्या दाबावरच उडतं. म्हणून त्याची उंची तळ्याच्या पातळीनुसार कमीजास्त होते.

हा शेवटचा तपशील सोन्यासारखा आहे. तुमच्या बागेतलं कारंजं एका सकाळी हातभर खाली आलेलं दिसलं, तर माळ्याला लगेच कळेल की वरच्या तळ्यावर काहीतरी घडलंय. हेराला पत्र पाठवण्याची गरजच नाही.

कारंजं जादूनं उडतं असं दाखवलं तर चालेल?

चालेल. मग त्या जादूची किंमत कोण मोजतं ते सांगा. फुकटची जादू आणि फुकटचं पाणी, दोन्हींची वाचकाला किंमत राहत नाही.

झाडं किती मोठी दाखवू?

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर.

माझ्या पहिल्या कथेत किल्ला जळून बारा वर्षं झाली होती आणि शेजारच्या नव्या बागेत मी दोन माणसांच्या कवेत न मावणारे वड उभे केले होते, पारंब्यांसकट. एका वाचकानं दोनच ओळी लिहिल्या: “वड छान. हे आगीत होते का आगीनंतर लावले?” मला उत्तर देता येईना. तेव्हापासून बागेचं पान उघडलं की मी आधी वर्षं मोजतो.

कोयीपासून वाढवलेला आंबा फळाला यायला साधारण सहा-आठ वर्षं घेतो, कलम त्याहून लवकर. शेवगा वर्षभरातच शेंगा देतो. केळ तर वर्ष-दीड वर्षात घड देऊन मोकळी. शांतता दोन वर्षांची असेल तर बागेत केळी, शेवगा, झेंडू, तुळस आणि काठ्यांच्या आधारानं उभी असलेली हातभर रोपं असणार. शांतता तीस वर्षांची असेल तर आंब्याखाली झोका बांधता येईल. तीनशे वर्षांची असेल तर तटाच्या चिऱ्यांमधून पिंपळ फुटलेला असेल आणि तो उपटायचा की पुजायचा यावरून गावात दोन तट पडलेले असतील. तारीख न सांगता काळ सांगायचा असेल तर झाडाच्या बुंध्यासारखं साधन नाही.

कोणती झाडं घेऊ? ओक, विलो, लॅव्हेंडर चालेल?

तुमचं जग थंड असेल तर बेलाशक घ्या. पण एकाच पानावर विलो, मोगरा आणि नारळ नकोत. आधी पाऊस ठरवा, मग झाडं.

आपल्याकडे अशा काही गोष्टी आहेत की त्या जशाच्या तशा लिहिल्या तरी परदेशी वाचकाला फँटसी वाटतील. कारवी घ्या. सह्याद्रीच्या उतारांवर ती सात वर्षं नुसती वाढत राहते, मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे-निळे होतात, आणि फुलून झाली की ती झुडपं मरतात. त्याच काठ्यांनी लोक कुडाच्या भिंती घालतात. कल्पना करा, किल्ल्याखालच्या बागेची एक बाजू कारवीची आहे आणि त्या गावात माणसाचं वय कारवीत मोजतात. “मी पाच कारव्या पाहिल्यात” म्हणणारी बाई म्हणजे चाळिशीकडे झुकलेली. यात मी बनवलेलं फक्त मोजमाप आहे, झाड नाही.

काल्पनिक फुलांना नावं कशी द्यावीत?

खेड्यातले लोक देतात तशी. आकारावरून, वेळेवरून, वासावरून, उपयोगावरून. रातराणी, गुलबक्षी, घाणेरी, लाजाळू, सदाफुली. ‘झायलोरिया’ हे नाव कुठलीच माळीण तोंडात धरणार नाही.

बाग ‘शांत’ आहे हे दाखवायचं कसं?

‘सर्वत्र नीरव शांतता पसरली होती’ हे वाक्य आधी खोडा. शांतता कानाला कळते ती लहान आवाजांनी: खुरप्याची खरखर, मडक्यातून मडक्यात पडणारं पाणी, दूरवर कुणीतरी झटकलेली सतरंजी. आणि मधूनच तिला तडा देणाऱ्या एखाद्या मोठ्या आवाजानं.

एडिंबराच्या किल्ल्यावरून 1861 पासून दुपारी ठीक एकला तोफ उडते, रविवार सोडून. मुळात ती बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून होती. खाली बागेत नवखा पाहुणा दचकतो, कबुतरं उडतात, आणि बाकावर डबा खाणारा स्थानिक माणूस नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. त्याच बागेतलं मोठं बिडाचं कारंजं शहराला भेट दिलं ते एका बंदुका बनवणाऱ्यानं. बागेच्या मधून आगगाडीही जाते. तरीही ती बाग शांतच म्हणवते, कारण तिथला कुठलाच आवाज आता माणसांना पळायला लावत नाही. तुमच्या जगातली तोफ पूर्वी कशासाठी उडायची आणि आता कशासाठी उडते, एवढं ठरवलंत तरी पुरे.

विषारी झाडं बागेत ठेवली तर लोक येतील का?

रांगा लावून येतील. इंग्लंडच्या उत्तरेला ॲनिक किल्ल्याच्या बागेत 2005 पासून खास विषारी वनस्पतींचा एक भाग आहे. फाटक काळं, त्याला कुलूप, आणि वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. तसं पाहिलं तर आपल्याकडे कुलूपही लागत नाही. कण्हेर विषारी आहे आणि तीच आपण देवाला वाहतो, रस्त्याच्या दुभाजकावर लावतो, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. धोतरा महादेवाला. विषाशी इतकी घरगुती ओळख असलेल्या माणसांनी विषकन्येच्या बागेत नेहमी जांभळा धूरच का सोडावा?

ड्रॅगननं बाग जाळली तर ती पुन्हा कधी उगवेल?

कोकणातल्या भातवाल्याला विचारा. तो दर उन्हाळ्यात राब भाजतो: जमिनीवर शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून पेटवतो, आणि पावसाच्या तोंडावर त्याच राखेत रोपासाठी भात पेरतो. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, रोप जोमानं वर येतं. तेव्हा ड्रॅगन वैशाखात येऊन गेला असेल तर आषाढात त्या काळ्या पट्ट्यावर हिरवंगार दिसायला हरकत नाही. मोठी झाडं मात्र गेली ती गेली. आणि ड्रॅगन ऐन श्रावणात आला तर फक्त धूर होईल, हेही लक्षात घ्या. ओली लाकडं पेटत नाहीत, ड्रॅगनचीही नाचक्की होते.

माळ्याचं पात्र लिहायचं आहे. तो कसा बोलेल?

कमी. आणि हातातलं काम न थांबवता. बागेत दारं धरणाऱ्या, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवणाऱ्या माणसाला कधी जवळून पाहिलंय का? पाटाच्या कडेला अनवाणी उभा असतो. वाफा भरत आला की फावड्याच्या एका घावात दारं मोडतो, निघालेलं ढेकूळ तिथेच दुसऱ्या तोंडाशी दाबतो, पाणी निमूट वळतं. वाफा भरला की नाही ते तो डोळ्यांनी कमी आणि पायाच्या बोटांनी जास्त ओळखतो. अशा माणसाशी राणी बोलायला आली, तर संवाद असा होईल:

“तात्या, यंदा मोगरा उशिरा का?”

“सरकार, तिकडं उभ्या राहू नका. पाणी येतंय.”

यात मान आहे, मुजरा नाही. पाण्याची पाळी चालू असताना मुजरा करायला त्याच्याकडे मोकळा हात नसतो. ‘महाराणींचा विजय असो, हा क्षुद्र सेवक’ असलं बोलणारा माळी नाटकातला; त्याच्या हाताला माती लागलेली नाही.

बाग किती वाजता बंद होते?

हसू नका, हा मला आलेल्या प्रश्नांतला सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे. सूर्य मावळल्यावर गडाचे दरवाजे बंद, हा नियम आपल्याला हिरकणीच्या गोष्टीनं लहानपणीच शिकवलाय. बाग दरवाज्याच्या आत आहे की बाहेर, यावर तुमचे सगळे रात्रीचे प्रसंग अवलंबून आहेत. बाहेर असेल तर रात्री तिथे कोण राहतं? आत असेल तर शेवटच्या घंटेला कुणाला हाकलावं लागतं? दरवाज्यावर पाटी लावायची असेल तर सूचना मोजक्या ठेवा. ‘फुले तोडू नयेत’ एवढं पुरे. त्याखाली कुणीतरी कोळशानं काय लिहून ठेवलंय, तेच वाचक लक्षात ठेवतो.

बर्फाळ जगातली बाग हिवाळ्यात कंटाळवाणी होते. काय करू?

केन्रोकुएनमध्ये 1 नोव्हेंबरपासून जुन्या पाइन झाडांना दोरांनी बांधायला घेतात. बुंध्याजवळ उंच खांब उभा करतात, त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीपर्यंत दोर ताणतात, म्हणजे ओल्या बर्फाच्या भारानं फांदी मोडत नाही. झाडावर दोरांचा तंबू उभा राहतो. फांदी न् फांदी हातानं बांधणारे लोक ज्या शहरात आहेत, त्या शहराचा स्वभाव तुम्हाला वेगळा सांगावा लागणार नाही.

कथेच्या शेवटी युद्ध पुन्हा येतं. तेव्हा बागेचं काय करू?

तुमच्या मनात काय चाललंय ते मला माहीत आहे: जळत्या झाडांतून धावणारी नायिका. त्याआधीचा दिवस लिहा. पहिला वार शत्रूचा नसतो, आपल्याच किल्लेदाराचा असतो. मैदान मोकळं करायला आणि दरवाज्यामागे अडसर रचायला लाकूड हवं असतं.

सकाळी किल्लेदाराचा कारकून चुन्याचं मडकं घेऊन येतो. पडायच्या झाडांवर एकेक पट्टा ओढत जातो. लोक फाटकाशी उभे राहून बघतात. आंब्यापाशी आल्यावर तो थबकतो, कारण झाड कैऱ्यांनी लगडलेलं असतं. माळी इतका वेळ त्याच्या मागून चाललेला. तो एवढंच विचारतो, “साहेब, आज पाडायचाय की उद्या? आजचा दिवस दिलात तर कैऱ्या उतरवून घेतो. वेढा पडल्यावर लोणच्याला होतील.”